बार्शी रोड, म्हणजेच आमची कुर्डुवाडी

गेल्या महिन्यात एका वाचकाला उत्तर देताना ‘माझं लहानपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं’ असं एक वाक्य मी सहज लिहून गेले. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर कुर्डुवाडीलाच देते आहे. माझे वडील तिथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. मी स्वतः जन्मभर शाळेत शिकवलं, रेल्वेची नोकरी केली नाही. पण कारखान्याच्या भोंग्यावर आईने भाताचं आधण ठेवायचं आणि भोंग्यावरच आम्ही अभ्यासाला बसायचं, अशा घरात मी वाढले. म्हणून जे ठाऊक आहे ते मनापासून सांगते.

प्रश्न : माझी पणजी लग्नानंतर पंढरपूरला गेली ती ‘बार्शी रोडला उतरून पुढे बैलगाडीने’, असं आमच्या घरात सांगतात. मी नकाशात शोधलं, वेळापत्रकात शोधलं, बार्शी रोड नावाचं स्टेशन मिळत नाही. ते बंद पडलं का? (एक वाचक, पुणे)

बंद नाही पडलं. तुम्ही पुण्याहून सोलापूरला जाताना त्यावरूनच जाता. बार्शी रोड म्हणजेच कुर्डुवाडी.

जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुण्याहून सोलापूरकडे रूळ टाकले ते १८५९-६० या दोन वर्षांत. तेव्हा या भागात नाव घेण्यासारखी बाजारपेठ होती ती बार्शीची. कापूस, गळिताची धान्यं, डाळी, सगळ्याचा मोठा व्यापार. पण रूळ बार्शीवरून गेले नाहीत, वीस-एकवीस मैल बाजूने गेले. मग ज्या ठिकाणाहून बार्शीला सडक फुटते त्या ठिकाणच्या स्टेशनाला नाव दिलं बार्शी रोड. जुन्या रेल्वेच्या नावांत ‘रोड’ दिसलं की गाव तिथे नाही, तिथून गावाला रस्ता जातो, असं समजायचं.

आणि ज्या माळावर हे स्टेशन उभं राहिलं तिथे काय होतं? जवळचं मूळ गाव कुर्डू. त्या कुर्डूची ही वाडी. आजही कुर्डू वेगळं आहे आणि कुर्डुवाडी वेगळी. वाडीला मात्र नगरपरिषद आहे आणि गाव गावच राहिलं. तालुका विचाराल तर माढा, पण माढ्याहून वर्दळ जास्त ती कुर्डुवाडीला. हे सगळं रेल्वेने केलं. नदीकाठ नाही, किल्ला नाही, मोठं देवस्थान नाही. आमच्या गावाच्या जन्माला दुसरं कारणच नाही.

तुमच्या पणजीबाईंचा प्रवास अगदी खरा आहे. पंढरपूरला गाडी गेली १९०६ मध्ये. त्याआधी मुंबई-पुण्याकडचे वारकरी बार्शी रोडला उतरायचे आणि तिथून पन्नासेक किलोमीटर बैलगाडीने किंवा पायी. त्यांचं लग्न १९०६ च्या आधीचं असणार, एवढं तुम्ही त्यावरून नक्की धरा. घरात तारखेची नोंद नसेल तर ही नोंद पुरेशी आहे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. बार्शी लाईट रेल्वे नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, का बांधली? आमचे सर म्हणाले, कंपनीला पैसे वाचवायचे होते म्हणून. एवढंच कारण होतं का? (विद्यार्थी, सांगली)

पैसे वाचवायचे होते हे खरं. पण ‘एवढंच’ म्हणून त्या माणसावर अन्याय करू नका. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे नाव तुमच्या सरांना जरूर सांगा.

हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला. बार्शीचा कापूस बैलगाड्यांतून स्टेशनावर येताना त्याने पाहिला असणार. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला, तेव्हापासून या मालाचं मोल वाढलेलं होतं. पावसाळ्यात त्या काळ्या रानातून भरलेली बैलगाडी काढणं म्हणजे बैलांचा जीव काढणं. त्या एकवीस मैलांसाठी ब्रॉडगेज परवडत नव्हती. कॅलथ्रॉपने वर्षानुवर्षं खटपट केली, १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली.

आता तुमच्या विषयाकडे येते. वडिलांनी मला हे जेवणाच्या ताटावर शिकवलं. ताटात मध्ये वाटी ठेवून त्यावर बोट दाबायचे आणि म्हणायचे, ‘सगळा भार इथे आला की ताट वाकणार. तोच भार चार जागी वाट, पातळ ताटसुद्धा वाकत नाही.’ कॅलथ्रॉपने नेमकं हेच केलं. इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, कुठल्याही आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा नियम त्याने गाडीच्या प्रत्येक वाहनाला लावला. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भराव कमी लागतो. बार्शी लाईटचे पहिले रूळ यार्डाला तीस पौंडांचे होते, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो. आज मेन लाईनवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. चौपट फरक!

मग इंजिनाचं काय? इंजिन हलकं केलं तर ओढणार काय? म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने अशी इंजिनं करून घेतली की चार आस ओढणारे आणि मागे दोन आस भार पेलणारे. सहा आसांवर तीस टनांच्या आसपास वजन. हिशेब तुम्हीच करून बघा, प्रत्येकी पाच. अशी पाच इंजिनं सुरुवातीला आली. आपल्या कोकणातल्या होडीवाल्याला विचारा, माल कसा पसरून भरायचा ते. तेच शहाणपण इथे लोखंडात उतरलं होतं.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फुटांचं, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बरोबर अडीच फुटांची होती. वडील एका हाताचा पंजा या बाजूला आणि दुसऱ्याचा त्या बाजूला टेकवून उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘एवढ्यात पंढरपूर, एवढ्यात लातूर, एवढ्यात मिरज.’ मला ते दार आणि त्यातले ते हात अजून दिसतात. नखांच्या कडांत तेल मुरलेलं असायचं, साबणाने कधी निघालं नाही.

कॅलथ्रॉपचं पुढचं आयुष्यही तुम्हाला आवडेल. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगरात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाईन १९०४ मध्ये सुरू झाली, तिचा इंजिनिअर हाच, आणि तिथल्या दोन इंजिनांतल्या एकाला नावही याचंच. पुढे १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेला. तेव्हापासून याने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याचा ध्यास घेतला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. १९२७ मध्ये तो वारला. बार्शी लाईटचा शेवटचा मोठा टप्पा, पंढरपूर ते मिरज, त्याच वर्षी पुरा झाला. इंग्लंडमधली त्याची लाईन १९३४ मध्ये बंद पडली. आमची त्यानंतर सत्तरेक वर्षं चालली, हे सांगताना मला अभिमान वाटतो.

प्रश्न : धावत्या बार्शी लाईटमधून उतरून, रानातली बोरं तोडून परत त्याच गाडीत चढता यायचं म्हणे. खरं की खोटं? (बार्शी)

चढावर खरं, सपाटीला खोटं. माझ्या भावाने हे केलेलं मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल त्याने वडिलांचा मारही खाल्लेला पाहिला आहे. वडिलांचं म्हणणं एकच होतं, गाडी छोटी असली तरी चाक लोखंडाचं आहे.

प्रश्न : नॅरोगेज गेली आणि कुर्डुवाडी मेली, असं आमचे मामा नेहमी म्हणतात. ते तिथे हमालांच्या टोळीत होते. तुम्हालाही तसंच वाटतं का? (एक वाचक, लातूर)

मामांचं दुःख मला कळतं. त्यांना माझा नमस्कार सांगा. पण उत्तर ‘हो’ असं देता येणार नाही. थोडं सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न मी स्वतःलाही बरीच वर्षं विचारत आले आहे.

१९११ मध्ये लाईन लातूरपर्यंत गेली, म्हणजे निजामाच्या राज्यात. १९०६ मध्ये पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज झालंच होतं. सगळी मिळून २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. या सव्वातीनशे किलोमीटरचा माल मुंबईला जायचा तर एकाच जागी अडायचा. आमच्याकडे. कारण छोट्या गाडीची वाघीण मोठ्या रुळावर जाऊ शकत नाही. मेन लाईन साडेपाच फुटांची आणि आमची अडीच. म्हणजे लातूरची प्रत्येक पोती, बार्शीची प्रत्येक गासडी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायची. परतीचं मीठ, कापड, रॉकेल, साखर हेही तसंच. माणसांचंही तेच, सामान डोक्यावर घ्यायचं आणि इकडच्या फलाटावरून तिकडच्या फलाटावर.

त्या अदलाबदलीवर गाव जगलं. मामांच्या हातात लोखंडी आकडा असेल, गासडीत रोवून ओढायचा. आमच्या क्वार्टरच्या मागून टोळ्या कामावर जायच्या तेव्हा तो आकडा खांद्याला अडकवलेला असायचा, उन्हात चमकायचा. त्यांच्या मागे चहावाले, खानावळी, धर्मशाळा, सायकलची दुकानं, मालाचे दलाल. इंजिनाची राख जिथे पाडत त्या खड्ड्यातून अर्धवट जळलेला कोळसा वेचायला बायका यायच्या, त्यावर कितीतरी घरांच्या शेगड्या पेटायच्या. आषाढीला तर विचारू नका. डबे भरले की मालाच्या वाघिणींत माणसं बसायची, आणि आत जागा संपली की टपावर. रात्रभर ‘ज्ञानबा तुकाराम’ चालू, आणि सकाळी फलाटावर पाण्याच्या नळाला हीऽ रांग.

म्हणजे खरं बोलायचं तर आमचं गाव रुळांच्या तुटीवर उभं होतं. दोन रूळ जुळत नव्हते म्हणून आम्हाला काम होतं. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, लाईन सरकारी झाली, पण तूट तशीच राहिली. पुढे रुंदीकरण आलं. आधी पंढरपूरचा टप्पा झाला, २००८ मध्ये लातूरची बाजू कुर्डुवाडीला जोडली गेली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मिरजेची बाजूही झाली. अदलाबदल संपली. हमालांच्या टोळ्या संपल्या. मामांचं आयुष्य त्यात गेलं, त्यांना ते मरण वाटणारच.

पण तुम्ही लातूरचे आहात, म्हणून २०१६ चा एप्रिल आठवा. तुमच्याकडे नळाला पाणी नव्हतं, टाक्यांभोवती भांडणं होतील म्हणून जमावबंदी होती. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. राजस्थानातल्या कोट्याहून स्वच्छ करून आणलेल्या दहा टाकी-वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर, म्हणजे पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. १२ एप्रिलला पहाटे ती लातूरला पोचली. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, खेपेला २५ लाख लिटर. ती गाडी कुठल्या वाटेने गेली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. कॅलथ्रॉपच्या कंपनीने आखलेल्या वाटेने, पण रुंद झालेल्या रुळांवरून. अडीच फुटांची लाईन असती तर कोट्याच्या त्या वाघिणी मिरजेच्या पुढे एक पाऊल आल्या नसत्या.

त्या दिवशी मी मुद्दाम कुर्डुवाडीत भावाकडे होते. आम्ही दोघं पुलावर उभे राहिलो. गाडी आली आणि गेली, आमच्या गावात काहीच उतरलं नाही, काहीच चढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला ते बरं वाटलं. मामांना हे सांगून बघा. ते मान्य करतीलच असं नाही, आणि नाही केलं तरी त्यांना रागावू नका. त्यांच्या खांद्यावरचा घट्टा खरा आहे.

आणि मेली म्हणाल, तर कारखाना अजून चालू आहे. बार्शी लाईटची इंजिनं-डबे दुरुस्त करण्यासाठी तो होता. लाईन गेल्यावर आम्हा सगळ्या क्वार्टरवाल्यांच्या पोटात गोळा आला होता. पण छोट्या गाडीचं काम येणारे हात सहज तयार होत नाहीत. नेरळ-माथेरानची गाडी, जी १९०७ पासून डोंगर चढते आहे आणि जिचं गेज आमच्याहूनही अरुंद, दोन फुटांचं, तिचे डबे दुरुस्तीला कुर्डुवाडीत येतात. पुढच्या वेळी माथेरानला जाल तेव्हा डब्याच्या दाराची कडी हाताने चाचपून बघा. ती आमच्याकडच्या कुणा फिटरने बसवलेली असू शकते.

प्रश्न : माझी कुर्डुवाडीला बदली झाली आहे. नवरा पुण्यात, बरोबर सात वर्षांची मुलगी. गाव कसं आहे? राहता येईल का, की सोलापूरला राहून ये-जा करू? (शिक्षिका, कोथरूड)

बाई, तुम्ही माझ्याच पेशातल्या, म्हणून थोडी मोकळेपणाने लिहिते. गावातच राहा. मुलगी लहान आहे, रोजच्या गाडीच्या धावपळीत तिचे दिवस घालवू नका.

ये-जा करणारे पुष्कळ आहेत. सकाळी सोलापूरकडे कॉलेजची मुलं, नोकरदार. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या. पुण्याहून नवऱ्याला येणं अवघड नाही, कारण मेन लाईनच्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, तिलाही पुणे आणि सोलापूर यांच्यामध्ये एकच थांबा मिळाला, तो कुर्डुवाडीचा. मी ही बातमी वाचली तेव्हा भावाला फोन करून दोनदा सांगितली. पण रोजच्या प्रवासाला तिचं तिकीट परवडायचं नाही, साध्या एक्सप्रेसच धरा. घर बघताना स्टेशनच्या दोन्ही अंगांना पायी हिंडून बघा, कारण रुळांनी गावाचे दोन भाग केले आहेत आणि शाळा एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला असं झालं तर मुलीला रोज पुलावरून किंवा फाटकातून जावं लागेल. रूळ ओलांडून जवळची वाट असतेच. ती तिला पहिल्या दिवसापासून बंद करा. माझ्या वर्गातला एक मुलगा आम्ही त्या वाटेवर गमावला. यापुढे मी काही लिहित नाही.

पाणी पूर्वी फार कठीण होतं. उजनी धरण झाल्यापासून तालुक्याचं रूप पालटलं, सगळीकडे ऊस आहे. हंगामात रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, संध्याकाळी स्कूटरवर असाल तर त्यांच्या मागे मागे राहू नका, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. उन्हाळा कडक. मार्चपासूनच खिडक्यांना ओले पडदे लागतील. पुण्यातलं नाटक-सिनेमा, मोठी दुकानं यांची आठवण येईल, ते इथे नाही. मोठ्या दवाखान्याचं काम पडलं तर बार्शी किंवा सोलापूर.

आहे काय? तुमच्या वर्गात रेल्वेवाल्यांची मुलं असतील. त्यांच्यात उत्तरेकडची असतील, आंध्राकडची असतील, बदली होऊन आलेली. आमच्या क्वार्टरच्या रांगेत सात घरांत चार भाषा होत्या. माझी आई पोंगलचा गूळभात शिकली आणि शेजारच्या तेलुगू मावशी पुरणपोळी. म्हणून मराठी शाळेत एखादं मूल अडखळत बोललं तर त्याला मंद समजू नका. दोन महिने द्या. मुलांना एकदा कारखान्याच्या फाटकापाशी घेऊन जा. आत सोडतील न सोडतील, परवानगी लागते, पण तिथल्या माणसांना विचारलं तर माहिती प्रेमाने सांगतात. गणिताच्या तासाला गेजची मापं द्या, भूगोलाला बार्शी लाईटचा नकाशा काढायला लावा. माझ्या वेळची मुलं तो नकाशा डोळे मिटून काढायची.

आणि एक काम माझ्यासाठी करा. आषाढीच्या आधीचे चार-पाच दिवस वारकरी आजही कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलतात, कारण मेन लाईनच्या सगळ्याच गाड्या काही पंढरपूरला जात नाहीत. स्टेशनाजवळ घर मिळालं तर त्या दिवसांत दारात पाण्याचा माठ ठेवा, वर झाकण आणि ओगराळं. आमची आई ठेवायची. ग्लास ठेवू नका, ते रात्रीत जातात. ओगराळं दोरीने माठाच्या तिवईला बांधा. मुलीला माठ भरायचं काम द्या. आम्हा भावंडांत त्यावरून भांडणं व्हायची.